शनिवार तेली आणि वंशाचा दाखला

कोकणात माणसाचे आडनाव हीच त्याच्या घराची वाट असते. पेणचा तो पेणकर, रोह्याचा तो रोहेकर. कुंडलिकेच्या पैलतीरी, रोह्याच्या अगदी समोर, अष्टमी वसली आहे, तेथला तो अष्टमकर. किहीमचा केहीमकर, झिराडचा झिराडकर, चौलचा चेवूलकर, नवगावचा नवगावकर. ही आडनावे ऐकली की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे भातखाचरे, मिठागरे आणि कौलारू घरे उभी राहतील, आणि ते साहजिकही आहे. परंतु हीच आडनावे आज भूमध्य समुद्राच्या काठी, इस्रायल देशातील लोद, अश्दोद, बीरशेबा आणि दिमोना ह्या गावांतही ऐकू येतात. ज्यांची ती आहेत ते लोक घरात मराठी बोलत वाढले किंवा मराठी बोलणाऱ्या आजीच्या मांडीवर वाढले, आणि देवाची प्रार्थना मात्र हिब्रू भाषेत करतात. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे १९८१ पासून ज्याला रायगड जिल्हा म्हणतात त्या मुलखात, त्यांना पिढ्यान्‌पिढ्या एक साधे नाव होते: शनिवार तेली. ते स्वतःला बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची लेकरे, असे म्हणवीत.

ह्या समाजाचा वंश कोणता, तो येथे केव्हा आला, आणि त्याचे कूळ शुद्ध की मिश्र, ह्या तीन प्रश्नांवर गेल्या दीडशे वर्षांत अनेक विद्वानांनी आपले आयुष्य वेचले. विद्वानांच्या दालनात हे प्रश्न निरुपद्रवी दिसतात. पण एक काळ असा आला की तेच प्रश्न गावोगावच्या विवाहनोंदणी कचेरीतल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जाऊन पडले, आणि त्यांच्या उत्तरावर तरुण मुलामुलींची लग्ने अडू लागली. प्रस्तुत भाषणाचा विषय तो प्रवास हा आहे.

प्रथम परंपरा काय सांगते ते पाहू. फार प्राचीन काळी यहुद्यांचे एक गलबत चौलच्या वाटेवर असता नवगावपाशी खडकावर आपटून फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. जे बुडाले त्यांची प्रेते नवगावच्या किनाऱ्यावर पुरण्यात आली. ती जागा आजही दाखविली जाते आणि तेथे स्मारकही आहे. वाचलेल्यांची पोथ्यापुस्तके समुद्रात गेली. पुढच्या पिढ्यांना हिब्रू भाषा विसरली. उरले ते इतकेच: एकच देव आहे असे सांगणारे ‘शमा’ हे वचन, आठव्या दिवशी मुलाची सुंता, काही उपास, खाण्यापिण्याचे काही विधिनिषेध, आणि शनिवारचा विसावा. त्यांनी तेल गाळण्याचा धंदा पत्करला. इतर तेल्यांचे घाणे सोमवारी बंद असत, कारण तो शंकराचा वार. ह्यांचे घाणे शनिवारी बंद राहत. गावाने ह्या फरकाची नोंद घेतली, त्यांना शनिवार तेली म्हटले, आणि पुढे काही विचारले नाही. पेणला किंवा रोह्याला कोणा तेल्याने आपल्या पणजीच्या पणजीचा दाखला आणावा, अशी अपेक्षा कोणीच केली नाही. गावाला तेल चांगले मिळाले म्हणजे झाले!

सात आणि सात चौदा, हा आकडा ऐकून काही श्रोत्यांना दुसरी एक कथा आठवली असेल. समुद्रातून वाहत आलेली चौदा प्रेते परशुरामाने पावन करून जिवंत केली आणि त्यांपासून चित्पावन झाले, अशी कथा सह्याद्रिखंडाच्या आधारे कोकणात सांगितली जाते. दोन्ही कथांतील साम्य विद्वानांच्या नजरेतून सुटलेले नाही. एकाने दुसऱ्यापासून घेतली, की किनाऱ्यावर राहणाऱ्या लोकांना आपले मूळ सांगण्याची ही एकच रीत सुचते, हा वाद येथे सोडवावयाचा नाही. एवढे मात्र खरे की समुद्राकडून येणे ह्यात कोकणाला कधी परकेपणा वाटला नाही.

ह्या समाजाने आपल्या सणांना जी नावे दिली ती ऐकण्याजोगी आहेत. नवीन वर्षाचा जो सण हिब्रूत ‘रोश हशाना’ तो ह्यांचा नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा दिवस ‘योम किप्पूर’ तो दारफळणीचा सण, कारण त्या दिवशी दारे लावून घेऊन सारे कुटुंब उपास करी. एक खिरीचा सण, एक बिरड्याचा रोजा. वल्हांडणाच्या सणाला तर ‘अनाशी धाकाचा सण’ असे नाव होते. त्या दिवसांत आंबट पदार्थाचे मडके झाकून ठेवावयाचे, एवढीच त्याची आठवण उरली होती. मिसर देशातून सुटका का झाली आणि आंबवलेले का वर्ज्य, हे कारण विस्मृतीत गेले, झाकण तेवढे राहिले. लग्नात हळद आणि मेंदी, गळ्यात मंगळसूत्र, आणि नवस फेडताना एलियाहू हन्नाबी ह्या पैगंबराच्या नावाने मलिदा: पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे. अलिबागेजवळ खंडाळे येथे एक खडक आहे. त्यावर ह्या पैगंबराच्या रथाची खूण उमटली आहे असे मानतात आणि मंडळी तेथे नवसाला जातात.

मग एक परका आला. त्याचे नाव डेव्हिड राहाबी. हे लोक यहुदी असावेत अशी त्याला शंका आली, पण खात्री कशी करावी? कथा अशी की त्याने घरातील स्त्रियांपुढे निरनिराळी मासळी ठेवली आणि रांधावयास सांगितले. त्यांनी पर आणि खवले असलेली मासळी तेवढी उचलली, बाकीची बाजूला सारली. ती आम्ही खात नाही, म्हणाल्या. यहुदी धर्मशास्त्राचा नियम हाच आहे. राहाबीची खात्री पटली आणि त्याने तीन तरुणांना शिकवून धर्मकृत्यांचे काजी नेमले. हा राहाबी कोणत्या शतकातला? परंपरा त्याला कित्येक शतके मागे नेते. पुष्कळ इतिहासकार मात्र त्याला अठराव्या शतकातील कोचीनच्या राहाबी घराण्यातील मानतात. तारीख कोणतीही असो, परीक्षा फार शहाणी होती. कागद मागितला नाही, नाक मोजले नाही. चुलीपाशी काय चालते ते पाहिले.

इंग्रजी अमलात परीक्षेची पद्धत बदलली. समाजातील पुष्कळ कुटुंबे घाणा सोडून मुंबईस गेली आणि कंपनीच्या पलटणीत शिरली. दुसऱ्या म्हैसूर युद्धात टिपूच्या कैदेतून सुटून आलेले सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, ह्यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवीस पहिले सभास्थान बांधले. डॉक्टर जॉन विल्सन आदी मिशनऱ्यांनी त्यांच्यासाठी हिब्रू शिकण्याची साधने मराठीत तयार केली. हेतू अर्थात ख्रिस्ती धर्म पसरविण्याचा. पण घडले असे की ह्या शिक्षणाने मंडळी ख्रिस्ती न होता अधिक नेटाने यहुदी झाली. १८८३ मध्ये कॅम्बेलसाहेबांच्या देखरेखीखाली कुलाबा आणि जंजिरा ह्यांचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले. पेण आणि रोहे तालुक्यांची पिके, बंदरे आणि बाजार ह्यांच्याबरोबरच त्यात जातीजमातींचीही वर्णने आहेत. बेने इस्रायल समाजाचे वर्णन त्यांत विस्ताराने येते. सरकारी टाकाने एकदा एखाद्या समाजाचे रूप, रंग, चालीरीती आणि उत्पत्ती लिहिली की ते वर्णन पुढे पन्नास वर्षे पुस्तकांतून पुस्तकांत उतरत राहते. त्या काळातील अधिकाऱ्यांची अशी दृढ समजूत होती की माणसाचा वंश ही मोजून, तोलून, वर्गीकरण करून निश्चित करता येण्याजोगी वस्तू आहे.

स्वतः ह्या समाजातून उठून ज्यांनी ह्या प्रश्नाला हात घातला ते हाईम सॅम्युएल केहीमकर. जन्म १८३०, स्थळ अलिबाग. विद्यापीठातील पद त्यांना कधी लाभले नाही. परंतु ज्याला अभ्यासकाचे आयुष्य म्हणता येईल ते ह्यांनीच जगले. १८७५ मध्ये त्यांनी भाऊबंदांच्या साहाय्याने आपल्या समाजाच्या मुलांसाठी मुंबईत शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा म्हणून नावारूपास आली. आणि शाळेचा व्याप सांभाळून ते गावोगावच्या आठवणी, रीतिरिवाज, घराण्यांची नावे आणि गाणी गोळा करीत राहिले.

केहीमकरांची विचार करण्याची रीत पाहण्यासारखी आहे. आपले लोक कोणते सण पाळतात, ह्यापेक्षा कोणता सण पाळत नाहीत ह्याकडे त्यांनी अधिक लक्ष दिले. यहुद्यांचा हनुक्का हा दिव्यांचा सण ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील एका विजयाच्या स्मरणार्थ आहे. बेने इस्रायल लोकांना तो ठाऊकच नव्हता. तेव्हा, केहीमकर म्हणतात, आपले पूर्वज त्या विजयापूर्वीच निघाले असले पाहिजेत. आणि त्यांनी ख्रिस्तपूर्व १७५ च्या सुमाराचा काळ सुचविला. हे अनुमान सर्वांना मान्य झालेले नाही. विसरलेली गोष्ट आणि कधी ठाऊकच नसलेली गोष्ट ह्यांतला भेद इतक्या दूरवरून ओळखणे कठीण. ज्यांनी पोथ्याच गमावल्या त्यांनी एक सण गमावला असेल, तर नवल काय? पण पुरावा म्हणजे काय, ह्याचे भान ह्या गृहस्थाला होते, हे नाकारता येत नाही.

१८९७ मध्ये त्यांचा इंग्रजी इतिहास लिहून पुरा झाला. तो छापला गेला नाही. १९०८ मध्ये केहीमकर वारले, तेव्हाही हस्तलिखित घरातच होते. पुढे १९३६ मध्ये इमॅन्युएल ओल्स्वँगर नावाचे विद्वान पॅलेस्टाइनातून हिंदुस्थानात आले. त्यांच्या खटपटीने ते हस्तलिखित १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापून निघाले. किहीमचे आडनाव लावणाऱ्या माणसाने अलिबाग-पेण-रोह्याच्या तेल्यांविषयी लिहिलेले पुस्तक लेखकाच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीस वर्षांनी, समुद्रापलीकडे, जेथून पूर्वज आले असे तो मानीत होता त्याच भूमीत प्रसिद्ध व्हावे, हा योग विलक्षण खरा.

केहीमकरांनी आणि नंतरच्या अभ्यासकांनी एक अडचणीची गोष्टही लपविली नाही. समाजात गोरे आणि काळे असे दोन तट होते. गोरे म्हणवणारे आपण सात जोडप्यांचे शुद्ध वंशज असा दावा करीत. काळे म्हणजे बेने इस्रायल पुरुष आणि स्थानिक स्त्रिया ह्यांची संतती असे सांगितले जाई. नावे रंगाची असली तरी भेद कातडीचा नव्हता, कुळाचा होता. दोहोंमध्ये बेटीव्यवहार नसे, आणि कित्येक ठिकाणी भांडीही निराळी असत. ज्या मुलखात प्रत्येक जातीला पोटजाती होत्या तेथे ही गोष्ट कोणाला वेगळी वाटली नाही, आणि विसाव्या शतकात ती हळूहळू लयास गेली. पण ती कागदावर नमूद झाली होती. आणि नमूद झालेला मजकूर कोणाच्या हाती कधी पडेल, हे लिहिणाऱ्याला सांगता येत नाही.

मुंबईत ह्याची चुणूक आधीच मिळाली होती. बगदादकडून आलेले श्रीमंत यहुदी व्यापारी आरंभी बेने इस्रायल लोकांच्याच सभास्थानात प्रार्थना करीत. थोड्याच वर्षांत त्यांना हा शेजार नकोसा झाला. १८३६ मध्ये त्यांच्यापैकी काहींनी सरकारकडे अर्ज केला की स्मशानभूमीत मध्ये भिंत घालून द्यावी, म्हणजे त्यांचे मृत आणि ह्यांचे मृत वेगळे राहतील. एका शतकानंतर रंगून येथे बेने इस्रायल मंडळींना सभास्थानाच्या कारभारात मत नाकारण्यात आले. ते न्यायालयात गेले आणि १९३५ मध्ये तेथील हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. हे यहुदी आहेत की नाहीत, ह्याचा निर्णय एका इंग्रज अमलातील कोर्टाने ब्रह्मदेशात द्यावा, हे चमत्कारिक दिसते. परंतु वंशाचा प्रश्न एकदा हक्काशी जोडला गेला की तो कचेरीत पोचणारच.

येथे थोडे आडवाटेने जाणे अप्रस्तुत होणार नाही. ज्या काळात रंगूनचा हा तंटा पिकत होता त्याच्या थोडे आधी, १९२८ ते १९३० ह्या वर्षांत, एक मराठी विदुषी बर्लिन येथे मानववंशशास्त्राचा अभ्यास करीत होती. इरावती कर्वे हे तिचे नाव. मुंबईस डॉक्टर घुर्ये ह्यांच्या हाताखाली तिने चित्पावनांवर प्रबंध लिहिला होता. बर्लिनला ऑयगेन फिशर ह्या प्राध्यापकाकडे तिने माणसांच्या कवट्यांतील असमानतेवर काम केले. उजवीकडची आणि डावीकडची बाजू कितपत सारखी नसते, आणि हा फरक वंशावर अवलंबून आहे काय, हा प्रश्न होता. गोऱ्या वंशाचे श्रेष्ठत्व कवटीत सापडेल अशी गुरूची धारणा. शिष्येने निरनिराळ्या खंडांतील कवट्या मोजल्या आणि वंशाचा व ह्या असमानतेचा काही संबंध दिसत नाही असे लिहून दिले. त्याच फिशरसाहेबांची संस्था १९३३ नंतर नाझी राजवटीला माणसांच्या कुळाविषयी तज्ज्ञांचे दाखले पुरवू लागली. कोण यहुदी आणि कोण नव्हे, हे ठरविणारा कागद त्या देशात प्राणावर बेतणारा ठरला. इरावतीबाई तोवर पुण्यास परतल्या होत्या. पुढे १९३९ पासून डेक्कन कॉलेजात त्यांनी महाराष्ट्रातील जातींच्या अभ्यासात उभे आयुष्य घालविले.

१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाले. १९५० च्या परतीच्या कायद्याने जगातील प्रत्येक यहुद्याला तेथे येऊन राहण्याचा हक्क दिला. त्या सुमारास बेने इस्रायल समाजाची हिंदुस्थानातील संख्या वीस हजारांच्या आसपास होती. मुंबईच्या गिरण्या, रेल्वे, पोस्ट, इस्पितळे ह्यांत नोकऱ्या करणारी, आणि सुटीला पेण-रोह्याच्या घरी येणारी ही मंडळी. त्यांच्यावर येथे कोणी अत्याचार केले नव्हते. तरीही प्रार्थनेत रोज जेथे परतण्याचे नाव घ्यावयाचे ती भूमी खुली झाली, तेव्हा पेट्या बांधल्या गेल्या.

पहिला अनुभव कडू होता. बीरशेबाच्या वाळवंटी वस्तीत ज्यांना ठेवले त्यांपैकी काहींनी, कातडीच्या रंगावरून आपल्याला कमी लेखले जाते, कामात आणि घरांत डावलले जाते, अशी तक्रार केली. तेल अवीव येथे धरणे धरले आणि आम्हांला मुंबईस परत पाठवा अशी मागणी लावून धरली. धरणे हे हत्यार त्यांनी कोठून शिकले, हे सांगण्याची गरज नाही. १९५२ मध्ये शंभराहून अधिक माणसांना खरोखरच विमानाने परत आणण्यात आले. त्यांतील बहुतेक पुढे पुन्हा इस्रायलला गेले, ही गोष्टही तितकीच लक्षात ठेवावयास हवी.

खरा पेच मात्र लग्नाचा होता. इस्रायलात १९५३ च्या कायद्याने यहुद्यांचे विवाह आणि घटस्फोट धर्मगुरूंच्या अधिकारात देण्यात आले. नोंदणी पद्धतीने लग्न करण्याची सोय तेथे नाही. तेव्हा स्थानिक धर्मकचेरीतील नोंदणी अधिकारी नाही म्हणाला तर देशात दुसरा दरवाजा उरत नाही. बेने इस्रायल तरुणतरुणींना हा नकार १९५० नंतरच्या दशकात येऊ लागला. ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य धर्मपीठाने, ह्यांच्याशी विवाह करण्यास तत्त्वतः हरकत नाही, असा निर्णय दिला. मंडळींना हायसे वाटले. पण १९६२ च्या आरंभी अधिकाऱ्यांसाठी ज्या सूचना निघाल्या त्यांत असे होते की बेने इस्रायलपैकी कोणी आले असता त्याच्या आईच्या, आजीच्या, आणि शक्य तितके मागे जाऊन कुळाची चौकशी करावी. त्यात परधर्मीयाची मिसळ तर नाही ना, आणि कोणा पूर्वजाचा अशास्त्रीय घटस्फोट होऊन पुनर्विवाह तर झाला नाही ना, हे पाहावे. शंका आल्यास प्रकरण धर्मन्यायालयाकडे धाडावे.

आता पेणकर किंवा रोहेकर आडनावाच्या मुलीने काय दाखवावे? तिची आजी घाण्यावर बसणारी. आजीची आजी केवळ लोकांच्या आठवणीत. कोकणातल्या खेड्यात अशा लग्नाची साक्ष म्हणजे गाव जेवले एवढीच. दुसऱ्या कोणत्याही देशाहून आलेल्या यहुद्याला सरसकट हा प्रश्न विचारला जात नव्हता, आणि मनाला झोंबले ते हेच. ज्यांनी आधी गावकीत कधी वंश सिद्ध केला नाही, त्यांना वंशाच्या देशात येऊन तो सिद्ध करावा लागत होता. विद्वानांनी निर्मळ हेतूने लिहून ठेवलेली गोरे-काळे ही नोंद अशा वेळी संशयाचे साधन म्हणून वापरण्याजोगी होती.

उलट बाजूचा युक्तिवादही अभ्यासातूनच निघाला, आणि तो मोठा मार्मिक आहे. घटस्फोटाच्या शास्त्रोक्त पत्राशिवाय पुनर्विवाह झाला असेल, ही धर्मगुरूंची दुसरी शंका. पण ज्यांनी ह्या समाजाच्या चालीरीती पाहिल्या होत्या त्यांनी दाखवून दिले की कोकणात शेजारच्या हिंदूंच्या संगतीने ह्या लोकांत घटस्फोट जवळजवळ होतच नसे आणि विधवेचे पुन्हा लग्नही क्वचितच होई. जेथे घटस्फोट नाही तेथे सदोष घटस्फोट कोठून येणार? विधवेच्या नशिबी जी कठोर रूढी आली ती तिच्या पणतीच्या लग्नाला आधार झाली. रूढीची स्तुती करण्याचे येथे काहीच कारण नाही. सुधारकांनी तिच्याविरुद्ध लिहिले ते योग्यच होते.

१९६४ च्या उन्हाळ्यात देशाच्या निरनिराळ्या गावांतून बेने इस्रायल मंडळी जेरुसलेमला जमली आणि तेथे त्यांनी ठाण मांडले. बायकामुले सोबत होती. अखेर ऑगस्टमध्ये क्नेसेट ह्या लोकसभेची खास बैठक भरली. प्रधानमंत्री एश्कोल ह्यांच्या सरकारने भूमिका घेतली की बेने इस्रायल सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असून त्यांचे हक्क, विवाहाचे धरून, इतरांच्या बरोबरीचे आहेत; सभागृहाने तसा ठराव केला. त्याच महिन्याच्या अखेरीस धर्मपीठाने सूचनांतून ‘बेने इस्रायल’ हे शब्द काढले आणि ज्याच्या कुळाविषयी शंका असेल अशा कोणाचीही चौकशी करावी, असा सर्वसाधारण मजकूर घातला. शब्द गेले, शंका घेण्याचा अधिकार मात्र जागच्या जागी राहिला. १९९७ मध्ये तेल अवीवनजीकच्या एका शहरातील धर्मगुरूने बेने इस्रायल वधूवरांची नोंद करण्याचे पुन्हा नाकारले, तेव्हा पुष्कळांना हे पहिल्यांदाच कळले.

ह्या झगड्याच्या आसपास अभ्यासाची दिशाही पालटली. शिफ्रा स्ट्रिझोवर ह्या विदुषीने १९५९ मध्येच भारतातील यहुद्यांकडे जात ह्या दृष्टीने पाहिले होते. मुंबईतील बेने इस्रायल समाजावरील तिचे पुस्तक १९७१ मध्ये आले. मुंबईचे बेंजामिन जे. इस्रायल हे त्या समाजातलेच. १९६३ मध्ये त्यांनी आपल्या लोकांच्या धर्माचरणात १७५० पासून कसा बदल होत गेला ह्यावर पुस्तिका लिहिली आणि १९८४ मध्ये निबंधसंग्रह प्रसिद्ध केला. परंपरेतील तारखा जशाच्या तशा स्वीकारण्याची त्यांची तयारी नव्हती. स्वकीयांच्या अभिमानाला न जुमानता लिहिणारा माणूस कोणत्याही समाजात थोडा एकाकीच असतो. शाल्वा वाइल ह्यांनी इंग्लंडातील ससेक्स विद्यापीठाच्या पदवीसाठी लोद येथील बेने इस्रायल वस्तीचा अभ्यास केला, आणि तेव्हापासून हेच त्यांच्या जन्माचे काम झाले. हे लोक कोठून आले, ह्यापेक्षा आल्यावर ते कसे राहिले, आपल्याला काय म्हणवतात, शेजारी त्यांना काय म्हणतात, हे प्रश्न त्यांनी पुढे घेतले. शर्ली बेरी आयझेनबर्ग ह्यांचा विस्तृत ग्रंथ १९८८ चा. आणि जोन रोलंड ह्यांनी १९८९ मध्ये इंग्रजी अमदानीतील यहुद्यांचा इतिहास लिहिला. पूर्वी जेथे नाक आणि रंग ह्यांची वर्णने असत तेथे आता अर्ज, निकाल, लग्नपत्रिका आणि स्वयंपाकघर आले. राहाबीची मासळी पुन्हा पाटावर आली, असे म्हणावयास हरकत नाही.

आणि मोजमापही परतले, फक्त अधिक सूक्ष्म होऊन. लंडनचे ट्यूडर पार्फिट ह्यांनी बेने इस्रायल पुरुषांच्या आनुवंशिक द्रव्याचे नमुने घेतले. पितृकुळाचा संबंध मध्यपूर्वेशी लागतो, ही वार्ता २००२ मध्ये वृत्तपत्रांतून गाजली. समाजात आनंद झाला, आणि तो समजण्यासारखा होता. पण जो रक्ताच्या थेंबाने मिळतो तो मान रक्ताच्या थेंबाने जाऊही शकतो, ही भीती काही अभ्यासकांनी तेव्हाच बोलून दाखविली. २०१६ मध्ये अधिक विस्तृत संशोधन प्रसिद्ध झाले. त्याचे म्हणणे असे की ह्या लोकांत यहुदी आणि भारतीय दोन्ही वंशांचा मोठा अंश आहे, आणि ही मिसळ सुमारे साडेसहाशे ते एक हजार पन्नास वर्षांपूर्वी झाली असावी. पित्याकडून यहुदी वारसा अधिक दिसतो, मातेकडून भारतीय. म्हणजे गलबताची कथा अगदीच पोकळ नव्हे. आणि सात स्त्रियांची कथा मात्र जशीच्या तशी टिकत नाही. गोरे आपल्याला गोरे म्हणवीत होते, पण आजी सर्वांची बहुधा ह्याच मातीतली निघाली. धर्मशास्त्र कूळ आईकडून मोजते, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या निष्कर्षाची धार जाणवते. सुदैवाने तोवर क्नेसेटच्या ठरावाला अर्धशतक उलटून गेले होते, आणि ह्या आकड्यांवर कोणाचे लग्न अवलंबून राहिले नाही.

पेण आणि रोहे येथे आता ह्या समाजाची मोजकीच घरे उरली आहेत. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात यहुदी ४,६५० भरले. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने यहुदी समाजाला अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. ह्या एकाच कागदासाठी त्यांना वंशावळ द्यावी लागली नाही. अलिबागेत त्यांच्या आळीला अजून इस्रायल आळी म्हणतात, आणि तेथे सभास्थान उभे आहे. इस्रायलात स्थायिक झालेल्या मंडळींनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले. तेथे जन्मलेली मुले हिब्रूत भांडतात आणि हिब्रूतच प्रेम करतात. मराठी त्यांच्याकडे गाण्यांपुरती आणि पदार्थांपुरती राहिली आहे. वर्षातून काही कुटुंबे पणज्याचे गाव शोधीत कोकणात येतात, नवगावच्या स्मारकापाशी उभी राहतात, खंडाळ्याच्या खडकाला जाऊन येतात. लोदला किंवा अश्दोदला घरात मंगलकार्य निघाले म्हणजे एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा होतो; ताटात गूळ असतो, खोबरे असते, जी मिळतील ती फळे असतात, आणि पोहे असतात.